वैमानिक कंट्रोलरची सूचना नाकारू शकतो का? आणि मग कंट्रोलर चिडत नाही का?

नाकारू शकतो, आणि काही वेळा त्यानं नाकारलीच पाहिजे. मी बरीच वर्षं कंट्रोलर म्हणून जमिनीवर रडारसमोर बसून विमानं हाताळली आहेत, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर देतो.

ठरलेला शब्द आहे 'अनेबल', म्हणजे जमणार नाही. पावसाळ्यात मुंबईत उतरणाऱ्या विमानाला मी डावीकडे वळायला सांगावं आणि वैमानिकानं 'अनेबल, ड्यू वेदर' (हवामानामुळे जमणार नाही) म्हणावं, हे नेहमीचंच. विमानांमधलं अंतर मला दिसतं, नाकासमोरचा ढग त्याला. मी विचारायचो, कुठल्या बाजूनं जमेल? आणि मागची रांग नव्यानं लावायचो. त्रास व्हायचा तो उशिरा आलेल्या नकाराचा: आधी हो म्हणायचं आणि मागच्यांना वळवून झाल्यावर नाही म्हणायचं.

विमानाबाबतचा अंतिम निर्णय कॅप्टनचाच, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कवर पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेली, तेव्हा तिथल्या लाग्वार्डिया विमानतळाची धावपट्टी देऊ केली असताना कॅप्टन सलेनबर्गर 'अनेबल' म्हणाले. विमान हडसन नदीत उतरवलं, १५५ जण वाचले.

एका बाबतीत तर नकार सक्तीचा आहे: टीकॅस कंट्रोलरच्या उलट सांगत असेल तेव्हा. टीकॅस म्हणजे विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनजवळ एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान ३६,००० फुटांवर एकमेकांच्या वाटेत आली. झ्युरिकचा कंट्रोलर एकटाच दोन जागा सांभाळत होता. त्यानं रशियन विमानाला खाली यायला सांगितलं. टीकॅस त्याच विमानाला वर जा म्हणत होतं आणि मालवाहूला खाली. मालवाहूनं यंत्राचं ऐकलं, रशियन वैमानिकांनी माणसाचं. ७१ जण गेले. टीकॅस काय सांगतंय हे त्या कंट्रोलरला दिसत नव्हतं, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला कधीच पटलं नाही. आता नियमात संदिग्धता नाही: टीकॅस सांगेल तेच करायचं, 'टीकॅस आरए' (टीकॅसचा आदेश पाळतोय) एवढं कळवायचं, आणि 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) असं वैमानिकाकडून ऐकू येईपर्यंत कंट्रोलरनं मध्ये पडायचं नाही.

मात्र मनाला आलं म्हणून नाही म्हणता येत नाही. धावपट्टीबाहेर थांबायला सांगितलं की थांबायचं. स्वीकारलेली सूचना आणीबाणीशिवाय परस्पर मोडायची नाही. आणि नकारामुळे घिरट्या घालाव्या लागणार असतील, तर इंधन किती उरलंय ते त्याच दमात सांगायचं. ते रडारवर दिसत नाही.