मेंदूज्वर म्हणावे की मेंदूदाह?

काकांच्या वैद्यकीय अहवालात ‘ऑटोइम्यून जीएफएपी ॲस्ट्रोसायटोपथी, मेनिंगोएन्सेफलायटिस, दोन्ही डोळ्यांत ऑप्टिक डिस्क इडिमा’ असे लिहिले असून, नातेवाइकांना पत्राने कळवताना याला ‘मेंदूज्वर’ म्हणावे का, अशी आपली पृच्छा आहे. माझ्या मते म्हणू नये.

या आजारात ताप आणि डोकेदुखी पुष्कळदा असते, त्यामुळे ‘ज्वर’ हे पद अगदीच निराधार नाही. परंतु मराठी माणूस मेंदूज्वर म्हटले की डासांमुळे पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा किंवा निदान जंतुसंसर्गाचा विचार करतो. येथे जंतू नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील तारकापेशींमधल्या (ॲस्ट्रोसाइट नावाच्या, ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींमधल्या) जीएफएपी या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रक्तापेक्षा पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात अधिक खात्रीने सापडतात, आणि उपचार मुख्यतः स्टेरॉइडचा असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये वर्णिलेला हा विकार दुर्मीळ आहे, तेव्हा त्याच्या विशेषनामाचे भाषांतर न करता ते देवनागरीत तसेच ठेवावे.

आता मेनिंगोएन्सेफलायटिस, म्हणजे मेंदू व त्याच्या आवरणांचे इन्फ्लमेशन. त्याला ‘दाह’ म्हणावे की ‘शोथ’? लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही इन्फ्लमेशनची चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदवली आहेत. त्यांतली उष्णता ‘दाह’ पकडतो, तर ‘शोथ’ सूज पकडतो. चरकसंहितेतही शोथ म्हणजे सूजच. मराठी परिभाषेत दोन्ही रुळले आहेत, पण घरच्या पत्रात ‘शोथ’ हा शब्द अडखळवतो, म्हणून ‘मेंदू व त्याच्या आवरणांचा दाह’ असे लिहावे.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र ‘दाह’ कटाक्षाने टाळावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. इडिमा म्हणजे पाणी साठून आलेली सूज, आणि अहवालातील ‘डिस्क’ म्हणजे दृष्टीची नस डोळ्याच्या मागच्या पडद्याशी (दृष्टिपटलाशी) जिथे मिळते तो गोल भाग. ‘नसेचा दाह’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या डॉक्टरला ऑप्टिक न्यूरायटिस वाटेल, ज्यात नजर झपाट्याने मंदावते आणि डोळा हलवताना दुखतो. या आजारातील सूज बहुधा दोन्ही डोळ्यांना येते, दुखत नाही आणि पुष्कळ रुग्णांची नजर शाबूत असते. म्हणून ‘दोन्ही डोळ्यांत दृष्टीच्या नसेच्या मुखाशी सूज’ असे लिहावे, आणि नजरेविषयी डॉक्टरांनी जे सांगितले असेल ते त्यापुढे स्वतंत्र वाक्यात द्यावे.