निर्यात शुल्क: भारताची रेघ तळाला का दिसते?

तुमचा प्रश्न असा की, निर्यात शुल्काच्या उत्पन्नाचा वीस वर्षांचा आलेख काढला तर अर्जेंटिनाची रेघ वर जाते आणि भारताची तळाला चिकटून राहते. मग आपल्याकडे निर्यातीवर करच नाही असं समजायचं का? नाशिकच्या एखाद्या कांदा उत्पादकाला हे विचारून बघा!

ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली निर्यात करताच येत नाही असा भाव) आलं, 8 डिसेंबरला थेट बंदी. बंदीच्या काळात कांद्यावरचं शुल्क उत्पन्न जवळजवळ शून्य, आणि शेतकऱ्याला सगळ्यात मोठा फटका नेमका तेव्हाच. मे 2024 ला बंदी उठली तीही 550 डॉलर किमान मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क ठेवून, म्हणजे 770 डॉलरच्या खाली माल परवडणारच नाही. सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून गेलं. तुमच्या आलेखात बंदीचा शून्य आणि करमाफीचा शून्य एकसारखेच दिसतील. आपलं निर्यात शुल्क हा देशातले भाव दाबायचा नळ आहे. तिजोरीत काय पडतं हा दुय्यम भाग. मे 2022 ला लोहखनिजावरचं शुल्क 50 टक्क्यांपर्यंत वाढवलं आणि नोव्हेंबरात ती वाढ मागे घेतली, त्यामागेही पोलादाचे भावच होते.

अर्जेंटिनाचं गणित निराळं. जानेवारी 2002 मध्ये पेसो या तिथल्या चलनाची डॉलरशी बांधलेली गाठ सुटली, निर्यातदारांच्या हाती एकदम जास्त पेसो आले आणि सरकारने त्यात वाटा मागितला. सोयाबीनवर त्याच वर्षी 23.5 टक्के, 2007 च्या अखेरीस 35 टक्के. मार्च 2008 मध्ये भावाबरोबर चढणारं शुल्क आणलं तेव्हा शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, आणि जुलैत सिनेटमध्ये त्या शुल्कावर समसमान मतं पडल्यावर उपराष्ट्राध्यक्ष हुलिओ कोबोस यांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं. तरी त्या वर्षी राष्ट्रीय करउत्पन्नात निर्यात शुल्काचा वाटा साधारण 13 टक्के होता. शिवाय प्राप्तिकरासारखा हा पैसा प्रांतांना आपोआप वाटावा लागत नाही. त्यामुळे हा कर नको म्हणणाऱ्यांनाही तो सुटत नाही: राष्ट्राध्यक्ष माक्री यांनी डिसेंबर 2015 मध्ये गहू-मक्यावरचं शुल्क काढलं, आणि सप्टेंबर 2018 मध्ये चलन कोसळल्यावर जवळपास सगळ्याच निर्यातीवर पुन्हा लावलं.

आता मांडणीचं. मी पहिल्यांदा पेसोतले आकडे तसेच मांडले होते, आणि अर्जेंटिना दरवर्षी गब्बर होताना दिसला. ती सगळी महागाई होती. एकूण करउत्पन्नातला टक्का घ्या, नाहीतर निर्यातमूल्याशी प्रमाण. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, म्हणून जमल्यास मासिक आकडे वापरा. पण तिथेही उड्या दिसतील, कारण तिथले निर्यातदार शुल्क वाढायच्या आधी विक्री नोंदवून टाकतात. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या सरकारने 7 अब्ज डॉलरच्या नोंदी होईपर्यंत धान्य-तेलबियांवर शुल्क शून्य केलं होतं, ती मर्यादा तीनच दिवसांत संपली.

भारताच्या बाजूने एक खाच लक्षात ठेवा. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळातला पेट्रोल-डिझेल निर्यातीवरचा कर हे उत्पादन शुल्क होतं. निर्यात शुल्क जिथे मोजलं जातं त्या सीमाशुल्काच्या रकान्यात तो शोधत बसू नका.

आणि आलेखाखाली दरांची तारीखवार पट्टी द्या, त्यात बंदीचे महिने काळे करा. रेघेपेक्षा मी तरी आधी ती पट्टी बघेन.