नाशिकमध्ये ऑनलाइन किराणा: पुन्हा उभं राहताना

भाऊ, परप्रांतातून येऊन नाशिकमध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन किराणा धंद्याला पहिला फटका बसला म्हणून खचू नका, पसारा आवरा. अख्खं नाशिक नको. इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा एवढंच धरा.

हिशेब बघा. ४०० च्या ऑर्डरवर १२ टक्के सुटले तर ४८ रुपये. पोचवायला ३५, पिशवीला ६. उरले ७, आणि कोथिंबिरीची एक जुडी सडली की तेही गेले! म्हणून:

- किमान ऑर्डर ५०० ची, पोचवायच्या वेळा दोनच.
- जिन्नस शंभरच. पालेभाजी रात्रीपर्यंत आलेल्या मागणीपुरतीच पंचवटीच्या बाजार समितीतून उचला.
- न विचारता दुसरा ब्रँड पाठवू नका. गिऱ्हाईक तिथेच तुटतं.

परप्रांतातून आलेल्याला व्यापारी लगेच उधारी देत नाहीत. दोन-तीन महिने एकाच पेढीवर रोखीने घ्या. एफएसएसएआय (खाद्यपदार्थ विकण्यासाठीची सरकारी) नोंदणी मात्र आधी. ॲप नंतर बघू, सध्या व्हॉट्सॲप पुरेल.