अर्थशास्त्र शिकून सरकारात हवामान बदलावर काम करता येतं का?

तुम्ही रत्नागिरीत अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करताय आणि विचारलंय की हवामान धोरणाच्या सरकारी कामात आपल्याला जागा आहे का, की ते फक्त शास्त्रज्ञांचं काम. जागा आहे. मी श्रीवर्धनचा, याच कामात आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. पण आमच्याकडे हेक्टरभर वाडी असते कुणाची? दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा साधारण दहावा हिस्सा, हातात पाच हजार. त्यात एकाच वाडीत नारळ, पोफळ, जायफळ, मिरीचे वेल. क्षेत्र मोजलं की हे काहीच दिसत नाही. लोकांनी झाडामागे मदत मागितली आणि पुढे नारळ-सुपारीसाठी तसा निर्णय झालाही. मोजणी कशाची करायची हे ठरवणं, तेही वादळाच्या आधी, हे आमचं काम.

पुढचा हिशेब जास्त अवघड. आपल्याकडचा नारळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे पडलेल्या माडाबरोबर तेवढ्या वर्षांचं उत्पन्न जातं. ते आजच्या पैशात किती, हे काढायला वटावाचा दर (डिस्काउंट रेट) लागतो. हवामान बदलाच्या अर्थकारणावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालावर अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउस यांचा मुख्य आक्षेप याच दरावर होता. दर चढा धरला की पुढच्या फायद्याचं आजचं मोल घटतं आणि खाडीचं पाणी अडवणारा खारबंधारा आज बांधणं कागदावर परवडत नाही, उतरता धरला की परवडतं. गणित तेच, पण मागची शेतं खारी होणार की नाही ते त्या दरावर ठरतं. म्हणून तो दर का धरला, हे टिपणात उघड लिहावं, असा माझा आग्रह असतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा धोका आधीच कमी करण्यासाठी वेगळा ठेवला. तो कुठल्या खाडीवर आधी खर्चायचा, हे सांगणारी माणसं कोकणातून यावीत असं मला मनापासून वाटतं.

आता वाट. एम.ए. किंवा एम.एस्सी. करा, पुण्याची गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०, जागा थोड्या. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. हवामानाचं बरंचसं काम मात्र कंत्राटी सल्लागारांकडे असतं, करार संपला की पुन्हा शोधाशोध. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले संबंध तपासण्याचा विषय, टाळू नका.

आणि एम.ए.ची वाट न बघता आत्ता करण्यासारखं एक आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा शासन निर्णय मिळवून आंब्याचं कोष्टक वाचा. अवेळी पाऊस, तापमान यांची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, बागेतल्या नुकसानीवर नाही. तुमच्या मंडळाचं केंद्र कुठे बसवलंय आणि आंब्याची कलमं कुठल्या सड्यावर, कुठल्या उतारावर आहेत, ते स्वतः जाऊन बघा. दोन-चार बागायतदारांना विचारा की मोहोर गळला त्या वर्षी पैसे आले का. प्रबंधाला विषय तिथेच मिळेल.