फोन चोरीला गेला, दाखला मात्र ‘हरवल्याचा’

प्रश्न : ठाणे-वाशी लोकलमध्ये माझा मोबाइल चोरीला गेला. घराजवळच्या पोलीस ठाण्यात ‘ही रेल्वेची हद्द’ म्हणून परत पाठवलं आणि ऑनलाइन हरवल्याची नोंद करायला सांगितलं. तेवढं पुरेसं आहे का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. हरवल्याचा दाखला नवं सिमकार्ड काढायला चालतो, पण त्यात गुन्हाच नोंदलेला नसल्याने त्यावर तपास होत नाही. चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2) खालचा गुन्हा आहे. फोन हिसकावला असेल तर कलम 304.

‘आमची हद्द नाही’ हे उत्तर 1 जुलै 2024 पासून कायद्यातच बसत नाही. त्या दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाचा कायदा) कलम 173(1) नुसार दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात तो, कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. हीच ‘झिरो एफआयआर’. पुढे ती संबंधित लोहमार्ग (रेल्वे) पोलीस ठाण्याकडे वर्ग होते. ई-मेलनेही खबर देता येते, मात्र 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. मेल गेला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं समजून लोक घरी बसतात, आणि प्रकरण तिथेच अडतं.

तक्रारीत ‘चोरी’ हा शब्द, गाडीची वेळ, आयएमईआय क्रमांक (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि फोनची किंमत लिहा, बिल जोडा. किंमत 5,000 रुपयांच्या आत दाखवली गेली तर गुन्हा अदखलपात्र धरून नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात पडते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. त्यावर गुन्हा क्रमांक आणि कलम आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा. नुसता शिक्का मारलेला तक्रार अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे.

तरीही नकार मिळाला, तर कलम 173(4) प्रमाणे लेखी खबर टपालाने वरिष्ठांकडे पाठवा: जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, आयुक्तालयात उपायुक्त. त्यानंतर न्यायदंडाधिकारी. तिथल्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. आधी वरिष्ठांकडे खबर पाठवली होती हे दाखवता यावं म्हणून टपालाची पावती जपा.

प्रश्न : फ्लॅटच्या नावाखाली 2025 मध्ये पैसे घेऊन फसवलं. पोलीस म्हणतात, आधी 14 दिवस चौकशी. हे बरोबर का? – एक वाचक, खारघर

उत्तर : कलमावर अवलंबून आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मधली ही चौकशी फक्त 3 वर्षं ते 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू आहे, तीही सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने. न्याय संहितेतला विश्वासघात, कलम 316(2), शिक्षा 5 वर्षांपर्यंत: यात बसतो. मालमत्ता द्यायला लावणारी फसवणूक, कलम 318(4), शिक्षा 7 वर्षांपर्यंत: बसत नाही. म्हणून चौकशी कोणत्या कलमाखाली, परवानगी कोणाची आणि कोणत्या तारखेची, हे लेखी विचारा. तोंडी ‘बघतो’ला 14 दिवसांची मुदत लागत नाही.

प्रश्न : 64 वर्षांच्या वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर हजर राहण्याची नोटीस आली. अटक होईल का? – एक वाचक, कोपरी

उत्तर : पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी पोलीस ठाण्यात जाऊन ती खरी आहे का ते विचारा. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ची (पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळण्याची फसवणूक) भीती घातली असेल तर पैसे अजिबात देऊ नका, दिले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. नोटीस खरी असेल तर वडिलांनी तारखेला हजर राहावं. 3 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला अटक करायला वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते, कलम 35(7).