फ्रान्समधल्या दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी सार्ला या गावाहून निघणारी, जुन्या लोहमार्गावर तयार केलेली सायकलवाट धरावी, कारण भारतातून आलेल्या माणसाला रस्त्याच्या उजव्या बाजूने चालण्याची सवय मोटारींच्या गर्दीत नव्हे, तर अशा निवांत वाटेवरच अंगवळणी पडते. गावात मात्र सावध राहावे. जिथे कोणतीही पाटी नसते, त्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला असतो.

ओक आणि चेस्टनटच्या रानात उन्हातून एकदम सावलीत शिरताना क्षणभर काहीच दिसत नाही, म्हणून वळणाआधीच वेग कमी करावा. शरद ऋतूत तर ओल्या पानांखाली चेस्टनटची काटेरी बोंडे दडलेली असतात, तिथे ब्रेक हलकेच दाबावा. १२८१ साली कड्यावर वसवलेल्या दोम या गावाचा चढ सकाळच्या गारव्यात चढावा. वरून दिसणारी नदीची वळणे मला आजही थांबवून ठेवतात.

खेड्यांतली दुकाने दुपारी बंद असतात, तेव्हा पाव आणि चीज सकाळीच घ्यावे. पाणी संपल्यास गावाची दफनभूमी शोधावी. तिथे बहुधा नळ असतो, पण 'नों पोताब्ल' अशी पाटी असल्यास ते पाणी पिऊ नये.