एलईडी बसवूनही व्हॅनचा एक दिवा मंद का लागतो?

आपला प्रश्न असा आहे की, गुहागर-चिपळूण रस्त्यावर चालणाऱ्या आपल्या ईको व्हॅनला आधी जास्त वॅटचे हॅलोजन आणि नंतर एलईडी बल्ब बसवले, तरी डावा दिवा मंदच लागतो, अप्परवर घेतल्यावर लुकलुकतो आणि पावसाळा लागल्यापासून त्याची काच आतून दमट होते; तर आता आणखी भारी संच घ्यावा का? माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये. बल्ब दोनदा बदलूनही तक्रार एकाच बाजूला राहत असेल, तर दोष बहुधा त्या बाजूच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीत) असतो. खात्रीसाठी डावा आणि उजवा बल्ब आपसांत बदलून पाहावेत. मंदपणा बल्बबरोबर उजवीकडे गेला तर बल्ब खराब आहे. डावीकडेच राहिला तर पुढील तपासणी करावी.

ही तपासणी करताना एलईडी काढून जुना 60/55 वॅटचा हॅलोजन परत लावावा. एलईडी थोडाच प्रवाह ओढतो, त्यामुळे कमकुवत जोड लपून जातो. हॅलोजन 12 व्होल्टला साडेचार ते पाच अँपिअर ओढतो आणि त्या भाराखाली जोडाची खरी अवस्था कळते. नुसता कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरचा प्लग) काढून मल्टिमीटर लावला तर एका तारेवर टिकलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते, आणि इथेच बरेच जण फसतात. म्हणून इंजिन चालू, दिवा चालू आणि कपलर जागेवर असताना, मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कपलरच्या मागून बल्बच्या अर्थ वायरला लावावी. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब आहे. पॉझिटिव्ह बाजूही तशीच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पॉझिटिव्ह वायरपर्यंत मोजावी. बल्बपाशी व्होल्टेज 10 टक्के घटले तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो, त्यामुळे एवढीशी घटही रस्त्यावर लगेच जाणवते.

आपल्याकडे खाऱ्या हवेमुळे बहुतेक वेळा अर्थच दगा देतो. अर्थचा बोल्ट वरून घट्ट आणि स्वच्छ दिसतो, पण लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) काढून उलटा केला की खाली पत्र्यावर तांबूस गंज आणि तांब्याच्या तारांवर हिरवट खार चढलेला असतो. कधी कधी तो खार वायरच्या आवरणात बोटभर आतपर्यंत गेलेला असतो. तेवढी वायर कापून, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून, नवा लग घट्ट दाबून बसवावा आणि बोल्ट आवळल्यानंतर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी. शक्य असल्यास दोन्ही दिव्यांसाठी बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढावी. तो खर्च नव्या संचाच्या तुलनेत किरकोळ आहे.

जास्त वॅटच्या बल्बांनी मागे काही नुकसान केले आहे का, तेही पाहावे. 100 वॅटचा बल्ब एकटा आठ अँपिअरच्या वर प्रवाह घेतो. मूळची बारीक वायर आणि होल्डर तो फार काळ सोसत नाहीत. होल्डरचे प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल किंवा पिना सैल पडल्या असतील, तर होल्डर बदलावा आणि बॅटरीजवळ फ्यूज घालून रिलेमार्फत (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणाऱ्या उपकरणामार्फत) जाड वायरने थेट पुरवठा द्यावा. चांगल्या वायरिंगवर मूळ 60/55 वॅटचा बल्बच इतका बरा लागतो की अनेकांना पुढे काही बदलावेसे वाटत नाही.

लुकलुकणे दोन्ही दिव्यांत असते, तर मी वेगळी शंका घेतली असती. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थची बाजू जोडतो आणि तोडतो, आणि प्रत्येक एलईडी संच त्याला जुळत नाही. आपला दोष एकाच बाजूला आहे, तेव्हा आधी अर्थ दुरुस्त करावा.

काचेच्या दमटपणाचे कारण बहुधा दिव्यामागचे रबरी बूट, म्हणजे पाणी अडवणारे आवरण, आहे. एलईडीचा पंखा बाहेर राहावा म्हणून ते कापले किंवा अर्धवट बसवले की पावसाचे पाणी आत शिरते, आणि एलईडी काचेकडे फारशी उष्णता टाकत नसल्यामुळे ते सुकतही नाही. बूट नवे घ्यावे आणि दिव्याच्या खालच्या बाजूची हवेची नळी चिखलाने बुजली असल्यास साफ करावी.

एवढ्यानंतरही एलईडीच हवा असेल, तर त्याच्या चिप डाव्या-उजव्या बाजूंना तोंड करून, हॅलोजनच्या आतल्या तापणाऱ्या तारेच्या (फिलामेंटच्या) जागीच येतात हे पाहावे. नाहीतर हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमधून उजेड विखुरतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. अरुंद घाटरस्त्यावर हा प्रश्न केवळ आपल्या सोयीचा राहत नाही. प्रकाश थोडा पिवळसर निवडावा, कारण निळसर पांढऱ्या उजेडाने धुक्यात आणि मुसळधार पावसात समोर पांढरा पडदाच दिसतो. शेवटी सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटर अंतरावर गाडी उभी करून डिपरच्या (खालच्या झोताच्या) उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली आणावी, आणि हे नेहमीचा भार गाडीत ठेवूनच करावे; आंब्याच्या पेट्या भरल्यावर मागची बाजू दबते, दिव्यांचे तोंड वर जाते आणि रिकाम्या गाडीत केलेले माप निरुपयोगी ठरते.